टिपाडातले माळवे

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात लातूरला रेल्वेने पाणी आले. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येक वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी होते, आणि हा गुणाकार त्या दिवसांत माझ्या शाळेतल्या पाचवीच्या मुलांनाही तोंडपाठ होता. मांजरा धरण कोरडे पडले होते, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम लागू होता, आणि गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसल्यामुळे जो तो मिळेल त्या भांड्यात पाणी साठवून ठेवत होता. त्याच धांदलीत आम्ही दोनशे लिटरची सहा निळी टिपाडे विकत घेतली. इतर ठिकाणचे लोक त्यांना पिंप किंवा ड्रम म्हणतात. आमच्याकडे ते टिपाडच. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसाने धरण भरले, नळ पुन्हा सुरू झाले, आणि सहाही टिपाडे गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. पुढची सहा वर्षे त्यांच्या पाठीवर कुरडया आणि पापड वाळवण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग झाला नाही, आणि तरीही ती भंगारात द्यावीत असे घरातल्या एकालाही वाटले नाही, यात लातूरकरांना नवल वाटणार नाही.

३१ मे २०२२ रोजी मी गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. घरी यजमान, मी आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, अशी तीनच माणसे. आत्याबाईंचे अर्धे आयुष्य औसा तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, आणि तिथे वाड्यामागच्या परसात त्या बारा महिने माळवे लावीत असत. भाजीपाल्याला माळवे म्हणणे आता शहरात कमी झाले आहे, पण त्यांच्या तोंडी दुसरा शब्द येत नाही. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरात सून म्हणून येऊनही कधी मिरचीचे एक रोपसुद्धा लावले नव्हते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात बाजारातून आणलेली मेथीची जुडी सोडली तेव्हा आत अर्धी पिवळी पाने निघाली, आणि आत्याबाई ती पाने बोटांनी चाळवत गावच्या परसाविषयी बराच वेळ बोलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर जाऊन टिपाडे मोजली. ती सहा आहेत हे मला ठाऊक होते, तरी मोजली.

गच्चीवर माती न्यायची म्हटल्यावर पहिला विरोध आत्याबाईंनीच केला. "पुन्हा डोक्यावर माती कशाला न्यायलीस गं?" एवढेच त्या म्हणाल्या, पण त्या एका 'पुन्हा'चा अर्थ आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाची रात्र संपून पहाट होत असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. त्या घरांच्या भिंती जाड दगडांच्या होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे तेच माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. आमच्या वाड्याची एक बाजू तेव्हा पडली आणि माणसे वाचली, कारण त्या बाजूला त्या रात्री कोणी निजले नव्हते. त्यामुळे 'काही होत नाही' असे म्हणून हा विषय उडवून लावणे मला योग्य वाटले नाही.

मी वही घेतली. टिपाड मधोमध आडवे कापले तर शंभर लिटरची दोन भांडी होतात. ओल्या मातीचे वजन लिटरला दीड किलोच्या आसपास धरले तर एका भांड्याचे दीडशे किलो, आणि दहा भांड्यांचे पंधरा क्विंटल. आत्याबाईंना मी ते पंधरा पोती ज्वारी असे सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवून 'बघ' अशा अर्थाने माझ्याकडे पाहिले. शेजारी राहणारे एक निवृत्त अभियंते आमची गच्ची पाहून गेले. वापरातल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरून आराखडा करतात, आणि आमचे एक भांडे तेवढाच भार जेमतेम पाव चौरस मीटरवर टाकणार होते, हे त्यांनी मला खडूने गच्चीवरच आखून दाखवले. त्यांनी दिलेला सल्ला असा की भांडी गच्चीच्या मध्यावर न ठेवता खाली जिथे भिंती आणि तुळया आहेत त्यांच्या रेषेवर, अंतर राखून ठेवावीत, आणि माती जितकी हलकी करता येईल तितकी करावी. गच्चीवर भाजी लावणाऱ्या प्रत्येकाने बियाण्याच्या आधी हा हिशेब करावा असे माझे स्पष्ट मत आहे. घर जुने असेल तर तो स्वतः न करता जाणकाराकडून करून घ्यावा.

सहापैकी पाच टिपाडे बंद तोंडाची, वर दोन बुचे असलेली होती. सहावे रुंद तोंडाचे, झाकणाचे होते. ते आडवे कापले असते तर वरचा भाग बिनबुडाचा निघाला असता, म्हणून ते कापायचे नाही असे मी आधीच ठरवले होते. पण आत्याबाईंनी त्याला वेगळेच कारण दिले. "ते एक साबूत राहू दे. पाण्याचा काय भरवसा हाय?" असे म्हणून त्यांनी त्याचे झाकण स्वतःच्या हाताने लावले. उरलेली पाच फॅब्रिकेशनवाल्याने ग्राइंडरने अर्ध्या तासात कापून दिली. वरच्या अर्ध्यांना बुचांची भोके आयतीच मिळाली, खालच्या अर्ध्यांना प्रत्येकी सहा भोके पाडून घेतली, आणि सगळी भांडी विटांवर ठेवली, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल आणि स्लॅबला ओल धरणार नाही. जुनी टिपाडे विकत घेणाऱ्यांना एक सांगून ठेवते: आत पूर्वी काय भरलेले होते हे विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण बाजारात येणाऱ्या अशा टिपाडांपैकी कितीतरी रसायनांची असतात, आणि तो वास धुऊन गेला तरी अंश राहू शकतो. आम्ही आमची घेतली तेव्हा पिण्याचे पाणी भरायचे होते, म्हणून ती चौकशी आधीच झालेली होती.

यानंतरची चूक मात्र संपूर्णपणे माझी. धाकट्या दिरांनी गावाकडून काळ्या मातीची पोती पाठवली, आणि ज्या मातीत तूर आणि हरभरा इतका जोमाने येतो तिच्यात मिरची का येणार नाही, असा माझा भाबडा समज होता. मी भांडी निव्वळ काळ्या मातीने काठोकाठ भरली. काळ्या मातीतला चिकण अंश पाण्याने फुगतो आणि वाळला की आकसतो. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शेतात त्या भेगा उपयोगी पडतात, कारण वरची भुसभुशीत माती त्यांत पडून जमीन आपोआप खालीवर होते. टिपाडात तसे काही होत नाही. जुलैच्या झडीत ती माती इतकी गच्च झाली की पाणी खाली झिरपेना, आणि मिरचीची बारा रोपे मुळे कुजून एकापाठोपाठ माना टाकून बसली. ऑक्टोबरच्या उन्हात उलटे झाले: मातीचा गोळा आकसून भांड्याच्या कडेपासून बोटभर सुटला, आणि ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकांवाटे गच्चीवर येऊ लागले. वर माती ठणठणीत आणि खाली चिखल, हे दृश्य मी दोन आठवडे पाहिले. शेवटी खुरप्याने न फुटणारी ती माती यजमानांनी पहारीने फोडून काढली, आणि त्या दिवशी त्यांनी बागकामाविषयी जे उद्गार काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

दिवाळीनंतर भांडी पुन्हा भरली. या वेळी तळाच्या तिसऱ्या हिश्श्यात नारळाच्या शेंड्या, उसाचे पाचट आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला दाबून भरला; त्यावर दोन घमेली माती, दोन घमेली शेणखत आणि दोन घमेली भिजवून धुतलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, या प्रमाणात कालवलेले मिश्रण, आणि प्रत्येक भांड्याला दोन मुठी निंबोळी पेंड. माती या वेळी शेतातली नव्हती, गावतळ्यातून काढलेल्या गाळाची होती. एका भांड्याचे वजन जवळजवळ निम्म्यावर आले, हे मी आत्याबाईंना पोत्यांच्या हिशेबातच सांगितले. पाचट आणि पाला कुजत गेला तशी भांड्यातली पातळी चार-पाच महिन्यांत वीतभर खाली गेली, आणि तेव्हा वरून नवे मिश्रण घालावे लागले. हे दरवर्षी करावे लागते. दोन भांड्यांत मी पाचटाऐवजी सोयाबीनचे भुसकट मातीतच मिसळून पाहिले होते, त्यांतला पालक पिवळा पडला, कारण कच्चे भुसकट कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतले नत्र आधी स्वतः घेतात आणि रोपांना ते उरत नाही. शेणखतही एका पोत्यात पुरते कुजलेले नव्हते. त्या पोत्याच्या भांड्यातले वांग्याचे रोप भर थंडीत सुकू लागले म्हणून उपटले तर मुळे खाल्लेली, आणि माती उलथून पाहिली तर पांढऱ्या, वाकड्या, बोटाएवढ्या चौदा हुमण्या. शेतकऱ्याच्या घरात तीस वर्षे राहून हुमणी मी प्रथम गच्चीवर पाहिली.

पहिले खरे सुख मेथीने दिले. बी कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता, मसाल्याच्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवली आणि दोन भांड्यांत विस्कटून वर पातळ माती पसरली. चौथ्या दिवशी दोन-दोन दळांचे दाट हिरवे अंग वर आले, आणि पाचव्या दिवशी सकाळी चिमण्यांनी त्यातले अर्धे साफ केले. आत्याबाईंचे जुने लुगडे चार काड्यांवर ताणून उरलेले वाचवले. पंचविसाव्या दिवशी मी मेथी उपटली नाही, कात्रीने दोन बोटे वर ठेवून कापली, आणि तीन माणसांना एका वेळेला पुरेल एवढी भाजी झाली. पाने कापल्यापासून कढईत पडेपर्यंत दहा मिनिटेही गेली नसतील. ती पाने इतकी कोवळी होती की निवडण्याचे काम उरले नाही, आणि फोडणीत पडल्यावर त्यांचा जो वास सुटला तो बाजारच्या मेथीला का येत नाही हे मला तेव्हा कळले. कापल्यापासून विकेपर्यंत तिच्या अंगावर एक रात्र आणि पाण्याचे दोन-तीन हबके गेलेले असतात. बुडख्यांना पुन्हा फुटवे आले आणि एक कापणी आणखी मिळाली. दुसरी थोडी राठ होती, पण धपाट्यात चालून गेली.

चुका लावला तो मात्र अजूनही आहे. त्याची बाहेरची पाने तोडत गेले की आतून नवी येत राहतात, आणि शेंगदाणे व डाळ घालून केलेली त्याची आंबट भाजी भाकरीबरोबर असली की आत्याबाईंना दुसरे काही लागत नाही. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन फाका केल्याशिवाय पेरू नयेत, हे मला त्यांनीच शिकवले. रविवारी सकाळी सुशीला करायचा असला की चुरमुरे भिजत घालून मी वर जाते आणि मिरच्या, कढीपत्ता आणि कोथिंबीर एका मुठीत घेऊन खाली येते. तेल तापायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच हे होते. चार मिरच्या हव्या असताना पाव किलो घ्याव्या लागत नाहीत, ही सोय ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण तीन माणसांच्या घरात भाजी विकत आणणाऱ्याला तिची किंमत कळते.

एकदा मी मिरचीच्या बुडाशी उगवलेले मांसल पानांचे तण काढत असताना आत्याबाई जिन्याचा कठडा धरत वर आल्या आणि ओरडल्याच, "अगं, उपटायलीस काय? ती चिघळ हाय!" गाळाच्या मातीबरोबर तिचे बी आले असावे. पुस्तकात तिला घोळ म्हणतात. न पेरता, न जोपासता, मे महिन्याच्या उन्हातही ती पसरत राहते, आणि तुरीच्या डाळीत शिजवली तर तिला एक मंद आंबटपणा येतो. जी भाजी आम्ही लावली नाही तीच आमच्याकडे सगळ्यात चांगली येते, हे यजमान पाहुण्यांना मुद्दाम ऐकवतात.

भेंडीसाठी मी 'परभणी क्रांती' हे वाण निवडले, आणि त्यात थोडा मराठवाड्याचा अभिमानही होता. परभणीच्या कृषी विद्यापीठात १९८०च्या दशकात एका रानभेंडीशी संकर करून हे वाण तयार झाले, ते भेंडीवरच्या केवड्याला तोंड देण्यासाठी. केवडा म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडत जाणारा विषाणूजन्य रोग. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि एकदा आला की त्या रोपाला औषध नाही. माझ्या नऊ रोपांपैकी दोन पिवळी पडली, ती मी लगेच काढून टाकली. सात तग धरून राहिली. भेंडीचे फूल पाहण्यासारखे असते, फिकट पिवळे आणि आत गर्द जांभळा डोळा, पण ते एका दिवसाचे. फुलानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडली नाही तर ती दोरखंडासारखी होते, त्यामुळे दिवसाआड पाहणी करावी लागते. सात झाडांना एका वेळी आठ-दहाच भेंड्या येत, आणि दोन-तीन तोडण्या जमवून भाजी होई. ही वाट पाहणेही मला आवडू लागले. शाळेत असताना आठवड्याचे दिवस तासिकांवरून मोजत असे. त्या पावसाळ्यात ते भेंड्यांवरून मोजले.

दोडक्याने मला संध्याकाळी गच्चीवर यायला लावले. वेल तुराट्यांच्या मांडवावर चढला, भरभरून फुलला, आणि तीन आठवडे एकही दोडका धरला नाही. आधी येतात ती सगळी नर फुले असतात, हे वाचून समजले. नंतर मादी फुलेही आली, त्यांच्या देठाशी बोटभर कोवळा दोडका घडवलेलाच असतो, पण तोही पिवळा पडून गळू लागला. दोडक्याची फुले सकाळी नव्हे, दिवस कलल्यावर उमलतात, आणि आमच्या सिमेंटच्या वस्तीत त्या वेळी त्यांच्याकडे फिरकणारे कीटक फार थोडे असावेत. मग मी साडेसहाच्या सुमारास एक नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवू लागले. आत्याबाई खुर्चीवर बसून हे पाहत होत्या. "आता फुलांची पण लग्नं लावायलीस का?" त्यांनी विचारले, आणि दुसऱ्या दिवशीपासून कोणते फूल उमलले आहे हे खुर्चीवरून त्याच दाखवू लागल्या, कारण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना माझ्यापेक्षा लांबचे चांगले दिसते. टेकवलेल्या फुलांपैकी बहुतेक धरली. आठ-दहा दिवसांत दोडका तोडण्याजोगा होतो. पहिल्या दोडक्याच्या शिरांचीही चटणी केली, काहीच वाया जाऊ दिले नाही.

टोमॅटोने मला पाण्याकडे परत आणले. ऑगस्टमध्ये टाकलेली रोपे थंडीत फळांनी वाकली, पण पिकू लागलेल्या फळांच्या बुडाला काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग पडू लागला. मी त्याला रोग समजून फवारणी शोधत होते. तो रोग नव्हे. फळाला कॅल्शियम कमी पडल्याचे ते लक्षण, आणि कॅल्शियम मातीत असले तरी ते पाण्याबरोबरच वर चढते, म्हणून माती एकदा कोरडी आणि एकदा ओलीचिंब होत राहिली की फळाला ते पोहोचत नाही. आमच्याकडे नेमके तेच चालले होते. नळाला पाणी आले की आपल्या हाताला धरबंध राहत नाही, आणि मग चार-पाच दिवस आपण ते जपून वापरतो. माणसांची ही सवय मी झाडांनाही लावली होती.

यावरचा उपाय माळ्यावर सापडला. दर संक्रांतीला वाणासाठी आणलेली सुगडे मी टाकून देत नाही, आणि अशी चाळीस-पन्नास जमली होती. प्रत्येक भांड्यात दोन सुगडे गळ्यापर्यंत पुरली, त्यांत पाणी भरले आणि डास होऊ नयेत म्हणून तोंडावर फुटक्या कौलांचे तुकडे ठेवले. भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र भांड्यातून पाणी सावकाश पाझरते आणि मुळे आपण होऊन त्याच्याकडे वळतात. गावाकडे फळझाडाच्या आळ्यात मडके पुरण्याची जी जुनी रीत आहे तिचेच हे लहान रूप. काही सुगडे मात्र आठवडाभर भरलेलीच राहिली. ती बाजारातून तैलरंगाने रंगवलेली, नक्षीची होती, आणि रंगाने त्यांची छिद्रे बुजलेली होती. दिसायला साधी, नुसती हळदकुंकवाची बोटे ओढलेली होती तीच कामाला आली. नंतरच्या फळांना डाग जवळजवळ पडलाच नाही.

किडींविषयी फार लिहीत नाही. मावा आणि पांढरी माशी येतातच. त्यांवर लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम या प्रमाणात निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारते. जास्वंदीवरून आलेला पिठ्या ढेकूण हाताने पुसावा लागला. राघूंनी मिरच्या नेल्या, त्या त्यांच्या.

हिशेब हा माझा पेशा असल्यामुळे तो मी ठेवला. जून २०२२ ते मे २०२३ या वर्षात कापणावळ, माती आणण्याचे भाडे, खत, कोकोपीट, बियाणे आणि हिरवी जाळी मिळून ५,९०० रुपये खर्च झाला, आणि निघालेल्या भाजीची बाजारभावाने किंमत २,३४० रुपये झाली. ज्यांना घरची भाजी फुकट पडते असे वाटते त्यांनी हे दोन आकडे पाहावेत. दुसऱ्या वर्षी खर्च बराच उतरला, तरी नफ्याची भाषा मी करणार नाही. जुलै २०२३ मध्ये बाजारात टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली तेव्हा ओळखीच्या दोघी-तिघींनी 'तुमचे काय, घरचेच आहेत' असे म्हटले. वस्तुतः त्या महिन्यात आमच्याकडे एकही टोमॅटो नव्हता, कारण उन्हाळ्याच्या तापात टोमॅटोची फुले धरत नाहीत आणि नवी रोपे अजून वाफ्यातच होती. महागाईच्या वेळी गच्चीवर तीच भाजी हाताशी असेल, असे नाही.

त्याच वर्षीचा ऑगस्ट कोरडा गेला आणि २०२४ चा उन्हाळा पुन्हा पाण्याच्या चिंतेत उजाडला. दहा भांड्यांना दिवसाला तीस लिटर पाणी लागते, असा माझा मोजून काढलेला आकडा होता. सुगडांमुळे, मातीवर पाचटाचे आच्छादन केल्यामुळे आणि उन्हाने तापणाऱ्या निळ्या भांड्यांना बारदान गुंडाळल्यामुळे तो अठरावर आला. भाज्या, तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी एका बादलीत साठवले तर त्यातले आठ लिटर निघत. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मी वापरले नाही, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात आणि काही आठवड्यांत माती पांढरी दिसू लागते. त्याने फरशी पुसली. तरीही मे महिन्यात मी चार भांडी रिकामी केली, त्यांची माती प्लास्टिकच्या कागदावर पसरून उन्हात तापवली, आणि सहाच चालू ठेवली: गवार, भेंडी, तांदुळजा, मिरची, चुका, आणि सहाव्यात चिघळ, जी ठेवली असे म्हणता येणार नाही. रोज सकाळी सहा वाजता तांब्याने पाणी घालताना कोणत्या सुगडात किती उरले आहे ते बोट घालून पाहायचे, आणि तेवढीच भर घालायची. इतक्या लक्षपूर्वक मी आयुष्यात दुसरे काही केलेले नाही, आणि त्या पाऊण तासात मला एकदाही कंटाळा आला नाही.

डिसेंबर-जानेवारीतल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही दरवर्षी दिरांच्या शेतावर जातो. त्या दिवशीच्या भज्जीत, म्हणजे मिश्र भाजीत, जितक्या शेंगा आणि पालेभाज्या पडतील तितक्या हव्या असतात, आणि मळ्यात काय कमी? तरी दरवर्षी मी गच्चीवरची एक पिशवी नेते, तीत मेथी, कोथिंबीर, चुका आणि पाच-सहा वांगी असतात. पहिल्या वर्षी जाऊबाई हसल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांनी आदल्या दिवशी फोन करून विचारले की चुका आणणार आहात ना, कारण त्यांच्याकडचा रानडुकरांनी तुडवला होता.

न कापलेले सहावे टिपाड अजून त्याच कोपऱ्यात, भिंतीच्या रेषेवर, पाण्याने भरलेले आणि झाकण लावलेले उभे आहे. या पावसाळ्यात दोडक्याचा वेल मांडव सोडून त्याच्यावर गेला आणि झाकणाच्या कडीत त्याने ताणे गुंडाळले. पाणी बदलायला झाकण उघडायचे तर वेल काढावा लागेल, आणि आत्याबाई त्याला हात लावू देत नाहीत.